अडकवलेले आयन: हजारपट संथ असूनही क्वांटम संगणकाच्या शर्यतीत का?

मंदार_पुणे
नमस्कार मंडळी. क्वांटम संगणकाच्या बातमीसोबत जे छायाचित्र छापले जाते ते बहुतेक वेळा सोनेरी झुंबरासारख्या दिसणाऱ्या शीतकाचे असते. त्याच्या तळाशी अतिवाहक परिपथांची चिप असते आणि ती निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक-दोन शतांश एवढ्याच तापमानाला ठेवलेली असते. त्यामुळे क्वांटम संगणक म्हणजे हेच यंत्र, असा अनेकांचा ग्रह झालेला दिसतो. दुसरी वाट मात्र तितकीच जुनी आहे. इग्नासियो सिराक आणि पीटर झोलर यांनी १९९५ साली असे मांडले की विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात एका ओळीत धरून ठेवलेले आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, हेच क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक, म्हणून वापरता येतील आणि त्या ओळीची सामायिक थरथर त्यांच्यामधल्या निरोप्याचे काम करील. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे क्रिस मनरो, डेव्हिड वाइनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या एकाच आयनावर या कल्पनेचे मूळ गेट, म्हणजे क्युबिटांवरची मूलभूत क्रिया, चालवून दाखवले. वाइनलँड यांना २०१२ साली सर्ज अरोश यांच्यासह नोबेल मिळाले.

माझा प्रश्न वेगाचा आहे. अतिवाहक क्युबिटांमध्ये दोन क्युबिटांचे गेट काही दहा नॅनोसेकंदांत होते. आयनांमध्ये त्याच कामाला दहा मायक्रोसेकंदांपासून काही शे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे फरक ढोबळपणे हजारपटीचा आहे. असे असताना क्वांटिनम, आयनक्यू, इन्सब्रुकची एक्यूटी अशा कंपन्या आणि इतक्या विद्यापीठांतले गट याच वाटेवर का टिकून आहेत? गेटचा वेग हा एकटा आकडा फसवा आहे असे माझे मत आहे, परंतु जाणकारांनी ते तपासून घ्यावे यासाठी हा धागा काढला आहे.

अण्णा_सांगलीकर
मंदार, धागा उत्तम आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून वेगाच्या आधीचा प्रश्न विचारतो. स्थिर विद्युतक्षेत्राने विद्युतभारित कणाला अवकाशात कुठेही स्थिर समतोलात धरून ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांनी १८४२ सालीच सिद्ध केले आहे. मग हे आयन सापळ्यात राहतात कसे, हे इथे कोणीतरी नीट सांगावे. ते कळल्याशिवाय पुढची चर्चा नव्या वाचकाला अधांतरी वाटेल.

इन्सब्रुककर
अण्णा, मी ऑस्ट्रियात कॅल्शियमच्या आयनांवर काम करतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. अर्नशॉ यांचे प्रमेय स्थिर क्षेत्रापुरते आहे, आणि बॉन येथील वोल्फगांग पाउल यांनी १९५०च्या दशकात नेमकी तीच फट शोधली. चतुर्ध्रुवी विद्युतक्षेत्र एका दिशेने कणाला आत ढकलते आणि दुसऱ्या दिशेने बाहेर ओढते. या दोन दिशांची अदलाबदल सेकंदाला काही कोटी वेळा केली, तर जड आयनाला बाहेर पडण्याइतका अवधीच मिळत नाही आणि सरासरीने त्याच्यावर मध्याकडे खेचणारे बल काम करते. पाउल हे खोगिराच्या आकाराचा पृष्ठभाग फिरवून त्यावर गोळी ठेवून दाखवत असत. पृष्ठभाग थांबला की गोळी घरंगळते, योग्य गतीने फिरत राहिला की जागेवर राहते. त्यांना आणि हान्स डेमेल्ट यांना १९८९ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग याच कामासाठी मिळाला, आणि उरलेला अर्धा नॉर्मन रॅम्झी यांना.

प्रत्यक्षात हे कसे दिसते तेही सांगतो. निर्वात कक्षात कॅल्शियम भरलेली एक बारीक नळी वीज सोडून तापवतात, म्हणजे धातूची अगदी विरळ वाफ सापळ्यातून जाते. ४२३ नॅनोमीटरचा एक लेझर तटस्थ कॅल्शियम अणूला उत्तेजित करतो आणि दुसरा त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. त्याच क्षणी तो अणू भारित होतो आणि सापळ्यात अडकतो. ३९७ नॅनोमीटरचा जांभळा लेझर त्याला थंड करतो आणि तोच त्याला चमकवतो. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला ठिपका स्थिरावतो, नंतर दुसरा, तिसरा, आणि एकमेकांना ढकलणारे हे ठिपके सुमारे पाच-पाच मायक्रोमीटर अंतर राखून एका रेषेत उभे राहतात. निर्वात कितीही चांगले असले तरी उरलेल्या वायूचा एखादा रेणू कधीतरी येऊन धडकतो. ओळ क्षणभर विस्कटते आणि लेझरने थंड होऊन पुन्हा जुळते. कधी कधी जुळल्यावर मध्येच एक जागा काळी दिसते. तिथला आयन गेलेला नसतो, त्याचा हायड्रोजनशी संयोग झालेला असतो. तो सापळ्यात आपली जागा अडवून असतो, परंतु आपल्या लेझरला प्रतिसाद देत नाही.

विद्यार्थी_२०
खूप धन्यवाद. पण यात शून्य आणि एक कुठे आहेत? आणि आयन कोणत्या स्थितीत आहे हे वाचतात कसे?

इन्सब्रुककर
कॅल्शियममध्ये शून्य म्हणजे आयनाची तळाची पातळी आणि एक म्हणजे अशी वरची पातळी जिथून खाली यायला आयनाला सरासरी एका सेकंदाहून थोडा अधिक काळ लागतो. अणूंच्या जगात हा काळ प्रचंड मोठा आहे. या दोन पातळ्यांमध्ये ७२९ नॅनोमीटरच्या लेझरने ने-आण करता येते, आणि स्पंद अर्ध्यावर थांबवला की आयन दोन्ही पातळ्यांच्या अध्यारोपणात, म्हणजे एकाच वेळी दोन्हींत, राहतो.

वाचन करताना वर सांगितलेला ३९७चा लेझर सोडतात. आयन तळाच्या पातळीत सापडला तर तो सेकंदाला लाखो-कोटी फोटॉन विखुरतो आणि कॅमेऱ्यावर उजळ दिसतो. वरच्या पातळीत असला तर त्या लेझरचा त्याच्यावर परिणामच होत नाही आणि तो काळा राहतो. उजळ की काळा, हा निकाल एका मिलिसेकंदाच्या आत लागतो आणि त्यात चूक होण्याची शक्यता फार कमी असते. ही युक्ती डेमेल्ट यांनी १९७५ साली सुचवली होती, म्हणजे क्वांटम संगणकाची चर्चा सुरू होण्यापूर्वी.

यटर्बियम वापरणारे लोक तळाच्या पातळीचेच दोन अतिसूक्ष्म उपस्तर घेतात. त्यांच्यातले अंतर १२.६ गिगाहर्ट्‌झ आहे आणि त्यांना आपोआप खाली घसरण्याची भीती जवळजवळ नाही.

तंत्रवेडा
माहिती छान आहे, परंतु मंदार यांच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस असल्यामुळे शेवटी काम किती वेळात होते एवढेच पाहतो.

एक ठोस उदाहरण घेऊ. इंटरनेटवरची गुप्तता राखणारी २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला काय लागेल याचा अंदाज क्रेग गिडनी आणि मार्टिन एकरो यांनी २०१९ साली दिला होता: दोन कोटी सदोष क्युबिट आणि आठ तास. गिडनी यांनी २०२५ साली तोच अंदाज दहा लाखांहून कमी क्युबिट आणि एका आठवड्याहून कमी काळ इथवर आणला. दोन्ही अंदाजांत त्रुटी-दुरुस्तीचे, म्हणजे क्युबिटांतल्या चुका शोधून सुधारण्याचे, एक आवर्तन एका मायक्रोसेकंदात होते असे गृहीत धरले आहे, आणि गूगलच्या विलो चिपवर ते २०२४ मध्ये सुमारे १.१ मायक्रोसेकंदात होऊन दाखवले गेले आहे. आयनांसाठी हेच आवर्तन एका मिलिसेकंदाचे धरा. आठ तासांचे आठ हजार तास होतात, म्हणजे अकरा महिने. आठवड्याचे हजार आठवडे होतात, म्हणजे एकोणीस वर्षे. एवढा काळ एकही बिघाड न होता यंत्र चालवायचे, ही कल्पना मला व्यवहार्य वाटत नाही. अचूकता, सौंदर्य वगैरे सगळे मान्य केले तरी हा गुणाकार टळत नाही.

गार्गी
तंत्रवेडा, गुणाकार बरोबर आहे, पण ज्याला गुणले आहे त्यात संपूर्ण गणना अतिवाहक चिपच्या रचनेला धरून मांडलेली आहे. चिपवर प्रत्येक क्युबिट फक्त शेजाऱ्याशी बोलू शकतो. दूरच्या दोघांना भेटवायचे असेल तर मधल्या प्रत्येक टप्प्यावर अदलाबदल करावी लागते आणि एका अदलाबदलीला तीन गेटे खर्ची पडतात. आयनांच्या एका ओळीत सामायिक थरथर सर्वांची असल्यामुळे पहिला आणि शेवटचा आयन थेट जोडता येतो. तेच काम कमी गेटांत होत असेल तर प्रत्येक गेटचा वेळ हजारपट असूनही एकूण वेळ हजारपट राहत नाही.

आकडेमोड
गार्गी यांच्या मुद्द्याला अचूकतेचीही जोड द्यायला हवी, कारण त्रुटी-दुरुस्तीत अचूकतेचा परिणाम घातांकाने वाढतो.

अनेक भौतिक क्युबिटांतून एक भरवशाचा तार्किक क्युबिट बनवणारी पृष्ठ-संकेत नावाची जी प्रचलित पद्धत आहे, तिचा उंबरठा, म्हणजे ज्या त्रुटीच्या वर ती उपयोगी पडत नाही ती मर्यादा, ढोबळपणे एक टक्का धरू. गेटची त्रुटी या उंबरठ्याच्या जितकी खाली, तितका संकेताचा आकार वाढवण्याचा फायदा जास्त. विलोच्या दोन क्युबिटांच्या गेटात सरासरी सुमारे ०.३३ टक्के त्रुटी आहे. क्वांटिनमच्या २०२५ सालच्या ९८ बेरियम क्युबिटांच्या हेलिओस या यंत्रामध्ये ती सुमारे ०.०८ टक्के आहे. एका तार्किक क्युबिटाने एक लाख कोटी क्रियांत एखादीच चूक करावी असे उद्दिष्ट ठेवले, तर पाठ्यपुस्तकी सूत्राने पहिल्या बाबतीत संकेताचे अंतर (त्याच्या आकाराचे माप) ४५च्या आसपास लागते आणि दुसऱ्या बाबतीत १९च्या आसपास. भौतिक क्युबिटांची संख्या अंतराच्या वर्गाच्या दुपटीने वाढते. म्हणजे एका तार्किक क्युबिटामागे पहिल्याला चार हजारांहून अधिक आणि दुसऱ्याला सातशे-सव्वासातशे. शिवाय एका तार्किक क्रियेला साधारण अंतराइतकी आवर्तने लागतात, त्यामुळे ४५च्या जागी १९ आवर्तने पुरतात आणि हजारपट संथपणा चारशेपटींवर येतो. अजूनही ते मोठे अंतर आहे, परंतु सगळा हिशोब एकाच आकड्यात नाही एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

तंत्रवेडा
आकडेमोड, हिशोब पटला, पण एक गोष्ट सुटते आहे. गिडनी यांच्या अंदाजात ०.१ टक्का त्रुटी आधीच गृहीत धरलेली आहे. आयनांची आजची अचूकता जवळपास तेवढीच आहे, त्यामुळे त्या अंदाजातून अचूकतेचा वेगळा फायदा काढता येणार नाही. माझे एकोणीस वर्षांचे उत्तर जवळपास तसेच उभे राहते.

आकडेमोड
त्या विशिष्ट अंदाजापुरते तुमचे म्हणणे योग्य आहे. मग फायदा गार्गी म्हणतात त्या जोडणीतून शोधावा लागेल. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ साली असा एक संकेत प्रसिद्ध केला की ज्यात २८८ भौतिक क्युबिटांत १२ तार्किक क्युबिट सांभाळता येतात, आणि पृष्ठ-संकेताला तेवढ्याच संरक्षणासाठी जवळपास तीन हजार लागतात. अट एकच आहे: दूरच्या क्युबिटांमध्ये जोडण्या हव्यात. अतिवाहक चिपवर त्यासाठी तारांचे अनेक थर बांधावे लागतात. आयनांना ती जोडणी मुळातच मिळालेली आहे. क्युबिट दहापट कमी लागले तर उरलेल्या क्युबिटांनी समांतर काम करून वेळ वाचवता येतो. किती वाचेल ते कोणता अल्गोरिदम आहे यावर ठरेल.

अण्णा_सांगलीकर
मला एक शंका आहे. ओळीतला कोणताही आयन कोणाशीही बोलतो हे ऐकायला सुंदर आहे, पण ओळ लांब होत गेली की काय होते? दोन गोळ्या स्प्रिंगने जोडल्या तर एका मितीत कंपनाच्या दोन तऱ्हा, शंभर जोडल्या तर शंभर. त्यांच्या वारंवारता एकमेकींत घुसणार नाहीत का?

इन्सब्रुककर
अण्णा, नेमके तिथेच घोडे अडते. ओळ लांबली की कंपनाच्या तऱ्हा दाटीवाटीने बसतात, हवी तीच तऱ्हा छेडायची तर लेझरचा स्पंद सौम्य आणि लांब करावा लागतो, आणि गेट आणखी संथ होते. सिराक-झोलर यांच्या मूळ योजनेत ओळीला अगदी तळाच्या कंपनस्थितीपर्यंत थंड करणे आवश्यक होते. क्लाउस मोल्मर आणि आन्डर्स सोरेन्सन यांनी १९९९ साली जे गेट सुचवले त्यात ती अट पुष्कळ सैल झाली, आणि आज बहुतेक ठिकाणी त्याचीच कुठली ना कुठली आवृत्ती वापरतात. त्या गेटने इन्सब्रुकमध्ये २०११ साली १४ कॅल्शियम आयन एकाच वेळी एन्टँगल करून, म्हणजे क्वांटम रीतीने एकमेकांत गुंतवून, दाखवले गेले. तरीही शेकडो आयनांची एकच ओळ हा मार्ग कोणी फार पुढवर धरत नाही.

त्यावर उपाय म्हणून किएल्पिन्स्की, मनरो आणि वाइनलँड यांनी २००२ साली वेगळीच रचना मांडली. सापळा चिपवर बनवायचा, त्यात अनेक लहान कप्पे करायचे, आणि विद्युत्‌दाब बदलून आयनांनाच एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायचे. साठवणीचे कप्पे वेगळे, गेटचे कप्पे वेगळे. क्वांटिनमची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या एच२ या यंत्राचा सापळा धावपट्टीसारखा बंद लंबगोल आहे आणि २०२४ साली त्यात ५६ क्युबिट होते.

मंदार_पुणे
इन्सब्रुककर, म्हणजे संथपणात गेटचा वाटा किती आणि ने-आणीचा किती?

इन्सब्रुककर
तुम्ही विचारलेला हाच प्रश्न मूळ चर्चेला सर्वांत जवळचा आहे. अशा यंत्रात वेळेचा फार मोठा भाग आयन हलवण्यात, जोड्या फोडण्यात आणि जोडण्यात, आणि हलवल्यामुळे आलेली उष्णता काढून टाकण्यात जातो. गेट हे त्या मानाने थोड्या वेळात उरकते. थंड करण्यासाठी क्युबिटाच्या आयनावर लेझर टाकता येत नाही, कारण त्याने साठवलेली माहिती पुसली जाईल. म्हणून शेजारी वेगळ्या मूलद्रव्याचा आयन ठेवतात आणि त्याला थंड करतात. दोघेही विद्युतबलाने बांधलेले असल्यामुळे त्याच्यासोबत क्युबिटही थंड होतो. एच२मध्ये यटर्बियम क्युबिट होता आणि बेरियम थंडावा देणारा. हेलिओसमध्ये भूमिका बदलल्या आहेत. बेरियमचे लेझर दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यातले असल्याने ते सांभाळायला सोपे जातात, हा त्यामागचा एक मोठा लाभ आहे.

गार्गी
या शेवटच्या वाक्यावर मला थोडे लिहायचे आहे, कारण मी पुण्यात लेझर आणि प्रकाशीय मांडणीचेच काम करते आणि आयनांच्या प्रयोगाचा खरा भार कुठे असतो ते रोज पाहते.

यटर्बियमला ३६९ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश काचेच्या प्रकाशीय तंतूत सोडला की काही काळाने तंतूच काळवंडू लागतो आणि बाहेर येणारी शक्ती घटत जाते. आरशांवरचे लेपही लवकर खराब होतात. कॅल्शियमच्या ७२९च्या लेझरची अडचण निराळी आहे. त्याची वारंवारता एका हर्ट्‌झच्या आसपास स्थिर लागते. त्यासाठी तापमानाने जवळजवळ न प्रसरणाऱ्या काचेच्या दोन आरशांमधल्या पोकळीशी तो जखडून ठेवतात. ती पोकळी निर्वातात, तापमानातला चढउतार मिलिकेल्विनच्या घरात राखून, कंपनशोषक बैठकीवर ठेवलेली असते. असे असूनही वातानुकूलन चालू-बंद होताना किंवा शेजारच्या खोलीत पंप सुरू झाला की पडद्यावरची रेषा सरकताना दिसते, आणि त्या दिवशीच्या मोजमापांत तो बदल उमटतो. आयन जगभर तंतोतंत सारखे असतात, त्यांच्यात कारखान्यातला दोष नसतो, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण दोष तिथून निघून लेझरमध्ये येऊन बसतो आणि तिथे तो माणसालाच निस्तरावा लागतो.

शून्यवादी
गार्गी, तुमचा प्रतिसाद वाचून माझी जुनी शंका बळावली. एका आयनासाठी सहा-सात लेझर लागत असतील तर हजार आयनांचे काय? प्रयोगशाळेतले टेबल आणि कारखान्यातले यंत्र यांच्यातले अंतर या क्षेत्रात कोणी भरून काढेल असे मला वाटत नाही.

गार्गी
लेझरांची संख्या आयनांच्या संख्येने वाढत नाही, कारण एकच किरण अनेकांत वाटता येतो. वाढते ती प्रत्येक आयनावर स्वतंत्रपणे प्रकाश पाडण्याची यंत्रणा, आणि त्यासाठी प्रकाश चिपच्या आतूनच नेणाऱ्या वाहिन्या बनवण्याचे काम चालू आहे. टेबलाच्या बाबतीत म्हणाल तर इन्सब्रुकच्या गटाने २०२१ साली संपूर्ण मांडणी १९ इंची दोन रॅकमध्ये बसवून २४ आयन एन्टँगल करून दाखवले. ऑक्सफर्डचा गट तर गेटसाठी लेझरऐवजी चिपवरच्या तारांतून जाणारे सूक्ष्मतरंग वापरतो. एका क्युबिटाच्या गेटात त्यांनी २०२५ साली सुमारे ६७ लाख क्रियांत एक चूक एवढी अचूकता गाठली, आणि तीही खोलीच्या तापमानाला. लेझरच्या ज्या तक्रारी मी वर लिहिल्या त्यांतल्या कित्येकांना सूक्ष्मतरंगांत जागाच नाही, म्हणून मला त्या वाटेविषयी विशेष आशा वाटते.

विद्यार्थी_२०
मी एका ठिकाणी वाचले की आयन काहीही न करतादेखील तापतात. निर्वातात, लेझर बंद असताना, उष्णता येते कुठून?

इन्सब्रुककर
फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अजून पूर्ण झालेले नाही. सापळ्याच्या धातूच्या पृष्ठभागावर जे विद्युतक्षेत्राचे बारीक चढउतार चालू असतात त्यांनी आयनाची थरथर वाढते. आयन पृष्ठभागाच्या जितका जवळ, तितका हा त्रास झपाट्याने वाढतो, जवळपास अंतराच्या चौथ्या घाताने. म्हणजे चिप लहान करण्याची किंमत इथे मोजावी लागते. दोन उपाय निश्चित उपयोगी ठरले आहेत. एक म्हणजे सापळाच काही केल्विनपर्यंत थंड करणे. दुसरा म्हणजे पृष्ठभागावर आर्गॉनच्या आयनांचा मारा करून तो स्वच्छ करणे. बोल्डरच्या गटाने २०१२ साली दाखवले की अशा स्वच्छतेने तापण्याचा वेग सुमारे शंभरपटीने खाली येतो. पृष्ठभागावर चिकटलेले कर्बयुक्त रेणू यात दोषी असावेत, याला त्यामुळे पुष्टी मिळाली.

वसुधा
संगणकाबाहेरचा पण याच विद्येतून निघालेला एक धागा इथे जोडते. ॲल्युमिनियमचा आयन घड्याळासाठी उत्कृष्ट आहे, परंतु त्याला थंड करायला आणि वाचायला सोयीचा लेझर नाही. बोल्डरमध्ये २००५ साली त्याच्या शेजारी बेरिलियमचा आयन ठेवून, क्वांटम गेटची तीच क्रिया वापरून, ॲल्युमिनियमची स्थिती बेरिलियमवर उतरवून वाचण्यात आली. २०१० साली अशा घड्याळांपैकी एक दुसऱ्यापेक्षा साधारण ३३ सेंटिमीटर उंच ठेवले, तेव्हा वरचे घड्याळ आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे किंचित पुढे धावते हे मोजता आले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही यटर्बियमच्या आयनावर प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. आयन-सापळ्याचे कौशल्य देशात वाढले तर त्याचा लाभ संगणकाच्या कितीतरी आधी कालमापनाला आणि संवेदकांना होईल असे मला मनापासून वाटते.

मंदार_पुणे
वसुधाताई, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, तेव्हा आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटांचे उद्दिष्ट सांगताना उदाहरणादाखल अतिवाहक आणि प्रकाशीय या दोनच पद्धतींची नावे घेतली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक क्युबिटांवर भक्कम काम आहे आणि ते नाव येणे स्वाभाविक होते. परंतु पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेमध्ये आयनांवर काम चालते, आयुकामध्ये घड्याळ उभे राहते आहे, आणि गार्गी यांच्यासारखी लेझर सांभाळणारी माणसे याच शहरात आहेत. आयनांच्या वाटेला देशात तितकेच ठळक स्थान मिळायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

शून्यवादी
स्थान द्यायला हरकत नाही, पण आजपर्यंत आयनांच्या यंत्राने केलेले उपयोगी काम एक तरी सांगा. १५ या संख्येचे अवयव पाडणे मी धरत नाही.

आकडेमोड
१५चे अवयव इन्सब्रुकमध्ये पाच आयनांवर पाडले गेले ते २०१६ साली, आणि त्याचा उद्देश पद्धत तपासणे हाच होता. तुमच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन. २०२४च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि क्वांटिनम यांनी एच२वरच्या ३० भौतिक क्युबिटांतून चार तार्किक क्युबिट बनवले आणि त्यांतली त्रुटी भौतिक त्रुटीपेक्षा ८०० पट कमी असल्याचे जाहीर केले. यातून कोणाचे बिल कमी झाले नाही, औषध सापडले नाही. परंतु त्रुटी-दुरुस्ती ज्या दिवशी फायद्यात येते तो दिवस ओलांडल्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते, म्हणून मी त्याला उपयोगी काम मानतो. आपले निकष वेगळे असू शकतात.

तंत्रवेडा
मी पुन्हा वेळेकडे येतो. समजा सगळे जमले, तरी एका चिपवर मावतील तेवढेच आयन. पुढे काय?

इन्सब्रुककर
पुढे दोन चिपा फोटॉनांनी जोडायच्या. प्रत्येक सापळ्यातला एक आयन फोटॉन सोडतो, दोन्ही फोटॉन मध्ये भेटवून मोजले की ते दोन आयन एकमेकांना न भेटताच एन्टँगल होतात. मनरो यांच्या गटाने २००७ साली एक मीटर अंतरावर हे केले. इन्सब्रुकमध्ये २०२३ साली दोन इमारतींत २३० मीटर अंतरावरच्या आयनांमध्ये झाले. ऑक्सफर्डने २०२५ साली दोन मीटर अंतरावरच्या दोन सापळ्यांत गेटच टेलिपोर्ट करून, म्हणजे आयन न हलवता दूरच्या दोघांवर ते घडवून, एक लहान अल्गोरिदम चालवला. त्या गेटची अचूकता सुमारे ८६ टक्के होती, म्हणजे सापळ्याच्या आतल्या गेटांच्या तुलनेत अजून बरीच कमी. दुवा जुळण्याचा वेगही अपुरा आहे, कारण आयनाने सोडलेल्या फोटॉनांपैकी भिंगाच्या हाती लागतात ते थोडेच. तंत्रवेडा, तुमचा वेगाचा आक्षेप मला गेटपेक्षा या दुव्यांच्या बाबतीत अधिक खरा वाटतो, आणि माझ्या कामात मला तोच सर्वांत जास्त टोचतो.

मंदार_पुणे
आता मला माझा प्रश्न अधिक नेमका मांडता येतो. गेटचे मायक्रोसेकंद हा संथपणाचा लहान भाग निघाला. मोठा भाग ने-आण, थंड करणे आणि दुवे यांचा आहे. यटर्बियमचा एकटा आयन बीजिंगमधील छिंगह्वा विद्यापीठाच्या प्रयोगात आपली स्थिती तासाहून अधिक काळ राखू शकला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. अतिवाहक क्युबिटांसाठी हा काळ शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात आहे. म्हणजे वाट पाहण्याची क्षमता आयनांकडे आहे आणि म्हणूनच ने-आणीचा खर्च त्यांना परवडतो. हे बरोबर आहे का?

इन्सब्रुककर
बहुतांशी बरोबर आहे. एक पुस्ती जोडतो. तो तास एका आयनाचा आहे, बाह्य चुंबकीय क्षेत्राला न जुमानणारी पातळी निवडून आणि सतत सुधारणा करणारे स्पंद देऊन मिळवलेला. यंत्रातल्या गेटांची त्रुटी या विसरण्याने ठरत नाही. लेझरची गोंगाटी कंपने, आयनाने मध्येच विखुरलेला एखादा फोटॉन आणि थरथरीचे तापणे यांनी ती ठरते. म्हणून स्थिती राखण्याचा काळ दहापट वाढवला तरी गेट दहापट अचूक होणार नाही.

तंत्रवेडा
आरएसएच्या बाबतीत माझे मत कायम आहे. ती शर्यत वेगवान क्युबिटांची आहे. रसायनशास्त्रातल्या किंवा पदार्थविज्ञानातल्या ज्या गणना कमी क्युबिटांत पण खोलवर कराव्या लागतात आणि जिथे उत्तरासाठी आठवडे थांबायची तयारी असते, तिथे आयन पुढे असतील हे मात्र या चर्चेनंतर मी मान्य करतो. यापुढे आयनांच्या कोणत्याही यंत्राची घोषणा झाली की क्युबिटांच्या संख्येआधी त्रुटी-दुरुस्तीच्या एका पूर्ण आवर्तनाला, ने-आण आणि थंड करणे धरून, किती वेळ लागतो तो आकडा मी शोधीन. इन्सब्रुककर, तुमच्या गटाचा तो आकडा प्रसिद्ध झालेला असेल तर इथे अवश्य द्यावा.

इन्सब्रुककर
प्रसिद्ध लेखांत प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा दिलेला असतो. या आठवड्यात ते एकत्र करून इथे तक्ता टाकतो. वाचनाचा वेळ त्यात वेगळा दाखवीन, कारण कॅल्शियममध्ये आवर्तनाचा सर्वांत लांब टप्पा पुष्कळदा तोच ठरतो.